बेंजोवाल्याचं नाव

प्रस्तावना

आगरी-कोळी गाण्याचा गायक सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हळदीच्या बॅनरवर नवरदेवाच्या शेजारी त्याचा फोटो असतो, यूट्यूबवरच्या गाण्याला त्याचं नाव असतं, गावात पाऊल टाकलं की पोरं सेल्फीसाठी गराडा घालतात. त्याच्या मागे, स्पीकरच्या आडोशाला, आणखी एक माणूस उभा असतो. गायकाने पट्टी बदलली की तोही त्याच क्षणी बदलतो. गायक चहाला उतरला, तर पुढचा अर्धा तास तो एकट्याच्या चालींवर मांडव नाचता ठेवतो. ढोलकीवाला दुसऱ्या सुपारीत अडकला तर ढोलकी पुढे ओढतो, की-बोर्डवाल्याची गाडी माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये रखडली तर की-बोर्डपाशी उभा राहतो. बॅनरवर त्याचं नाव नसतं. लोक त्याला बेंजोवाला म्हणतात, पार्टीतली पोरं मास्तर म्हणतात. हे पुस्तक त्याच्या कारकिर्दीविषयी आहे.

एकापेक्षा अधिक वाद्यं वाजवणाऱ्याला आपण हरहुन्नरी म्हणतो आणि तेवढ्यावर सोडून देतो. जणू ती त्याची हौस आहे किंवा देवाने दिलेली जादा देणगी. भिवंडी तालुक्यातल्या बेंजो पार्ट्या आणि गाण्यांच्या मंडळ्या जवळून पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं. गाण्याची परंपरा गायकांनी आणि गावच्या बायकांनी जपली, हे खरंच आहे. पण ती एका पिढीच्या वाद्यांवरून दुसऱ्या पिढीच्या वाद्यांवर आणली ती या वादकांनी. सनईवरची चाल बेंजोवर आली, बेंजोवरची की-बोर्डवर गेली, ढोलकीचा आणि ताशाचा ठेका ऑक्टोपॅडवर चढला. प्रत्येक वेळी ही ने-आण करायला जुनं आणि नवं अशी दोन्ही वाद्यं येणारा माणूस लागला. तो नसता तर वाद्य बदलताना चाल वाटेत सांडली असती. मला या पुस्तकातून सांगायचं आहे ते एवढंच. पुढची सगळी प्रकरणं याच एका गोष्टीचा पुरावा आहेत.

भिवंडीच का, असा प्रश्न साहजिक आहे. भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, अलीकडे मोठमोठी गोदामं आठवतात. १९७० आणि १९८४ च्या दंगलीही आठवतात. गाणं कुणालाच आठवत नाही. पण या तालुक्याचा नकाशा नीट पाहा. दक्षिणेला उल्हास नदी आणि खाडी, शहराला लागून कामवारी, उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे तानसा. खाडीकाठी कशेळी, काल्हेर, अंजूर अशी आगरी गावं, वरच्या अंगाला वारली-कातकऱ्यांचे पाडे, शहरात कोकणी मुसलमान आणि उत्तरेकडून आलेले विणकर, वस्त्या-वस्त्यांत बौद्ध समाज, शिवाय यंत्रमागावर कामाला आलेले तेलुगू पद्मशाली. इतक्या जमातींची इतकी गाणी एका तालुक्यात. त्यामुळे इथल्या वादकाला एकाच प्रकारच्या गाण्यावर पोट भरता येत नाही. चैत्रात एकवीरेच्या पालखीबरोबर कार्ल्याला जायचं, १४ एप्रिलला भीमजयंतीची मिरवणूक करायची, दर्ग्याच्या उरुसात कव्वालीला साथ द्यायची, मे महिन्यात हळदी आणि वराती, भाद्रपदात गणपती. प्रत्येक ठिकाणचा ठेका निराळा, पट्टी निराळी, ऐकणाऱ्यांचा कान निराळा. इथला वादक हरहुन्नरी झाला तो या गरजेपोटी.

यात आगरी लग्नाचा वाटा सर्वांत मोठा. आगरी समाजात लग्न लावणारी धवलारीण असते. देवक, घाणा, हळद, मांडव अशा एकेका विधीला ती आणि तिच्या सोबतच्या बायका धवले गातात. मराठीत धवळ्यांची परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे आजही मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात आहेत. धवलारणीच्या गाण्याला वाद्य लागत नाही. आवाज, श्वास आणि बायकांची एकमुखी साथ एवढ्यावर ते चालतं. वाद्य येतं ते विधी आटोपल्यावर, नाचाच्या वेळी. तिथे पूर्वी सनई, ढोल, संबळ अशी वाद्यं असत, पुढे बेंजो आला. आगरी-कोळी गाण्याचा मूळ सहा मात्रांचा झोका मात्र धवल्यांच्या आणि कोळीगीतांच्या चालींतूनच आलेला आहे. चांगल्या बेंजोवाल्याला हे ठाऊक असतं. आज्या-मावश्यांच्या तोंडून धवले ऐकतच तो वाढलेला असतो. तालमीत तो नव्या पोरांना पहिल्यांदा झोका पकडायला सांगतो, सूर नंतर.

आता वाद्याविषयी. ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचं आणि अमेरिकेतल्या बँजोचं कूळ वेगळं आहे. अमेरिकेतला बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या तंतुवाद्यांवरून घडला. त्याचं अंग गोल, वर चामडं. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि तो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या वादकाने पेटीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा यांची सांगड घालून हे वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानात तैशो काळ सुरू झाला म्हणून त्याचं नाव तैशो-गोतो पडलं. कळ दाबली की तार योग्य जागी दाबली जाते, त्यामुळे सुराची जागा शोधण्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. स्वस्त, हलकं, घरच्या घरी शिकता येणारं असं ते वाद्य होतं. पुढच्या दोन-अडीच दशकांत ते समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोचलं. पंजाबात रुजलं, बलुचिस्तानात मोठ्या आकाराचं ‘बेंजू’ झालं, कव्वालीच्या साथीत शिरलं. आणि मुंबई, ठाणे, रायगडच्या पट्ट्यात ते घराबाहेर पडून रस्त्यावर आलं.

रस्त्यावर येताना आपल्या लोकांनी ते बदललं. लाकडी पेटीतला नाजूक आवाज ढोल-ताशापुढे टिकणार नव्हता. मग तारांखाली पिकअप बसवला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली, भोंगे हातगाडीवर चढवले, मागे जनरेटर लावला. घरात, बैठकीत वाजणारं वाद्य वरातीचं पुढारपण करू लागलं. हे काम कुठल्या कारखान्याने केलं नाही. वादक, रेडिओ दुरुस्त करणारे आणि सुतार यांनी मिळून ते केलं. भिवंडीसारख्या गावात यंत्राच्या भाषेत बोलणारी माणसं गल्लोगल्ली असल्यामुळे तुटलेली कळ, सैल झालेली स्प्रिंग, जळालेला पिकअप ही दुरुस्ती हाताशी होती. बेंजोवाल्याच्या पिशवीत आजही जादा तारा, नख्या, चिकटपट्टी, छोटा पाना आणि सोल्डरिंगचं सामान असतं. वाद्याची दुरुस्ती हा या पेशाचा अर्धा भाग आहे.

या वाद्यावर प्रभुत्व म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. डावा हात कळांवर, उजव्या हातात नखी. एका बाजूला सुराच्या तारा, दुसऱ्या बाजूला झाल्याच्या तारा, त्या आधारस्वर देत राहतात. कळांमुळे सूर नेमका लागतो, पण त्याच कळांमुळे मींड घेता येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हा तर आपल्या गाण्याचा प्राण. मग वादक दोन युक्त्या करतो. एक, कळ नेहमीपेक्षा जोराने दाबून तार किंचित अधिक ताणतो, त्याने सूर केसभर वर चढतो आणि कानाला घसरल्याचा भास होतो. दुसरी, मधल्या कळांना नुसता स्पर्श करत पुढे निघून जातो. दुसरी अडचण लांब सुराची. तार छेडली की आवाज लगेच विरतो, आणि सनईवरून आलेल्या चालींत तर लांब सूर भरपूर. त्यासाठी उजव्या मनगटाने नखी इतकी झपाट्याने खालीवर फिरवायची की वेगवेगळे ठोके ऐकूच येऊ नयेत, एकसंध सूर ऐकू यावा. हे मनगट तयार व्हायला वर्षं जातात. वरातीत चालत, गाडीच्या हादऱ्यात, घामाने निसटणाऱ्या नखीने हे तासन् तास करायचं असतं. ज्यांनी सनई ऐकलेली नाही त्या पोरांचा लांब सूर तुटक येतो, कारण तो सूर मुळात फुंकीचा आहे हे त्यांच्या कानाला माहीत नसतं. ज्याच्या घरात सनई होती त्याचा बेंजो वेगळा वाजतो.

बेंजोवाला बहुतेक वेळा बेंजोवर सुरुवात करत नाही. पहिल्यांदा हातात येते ती झांज किंवा खुळखुळा. मग ढोल, मग ताशा. ताशाच्या बारीक काड्यांनी मनगट हलकं होतं. पुढे ढोलकी. तिची डावी बाजू घुमवायची आणि उजवीवर चाटी वाजवायची, यात दोन्ही हातांना दोन वेगळी कामं लागतात, आणि हीच शिस्त पुढे बेंजोवर उपयोगी पडते. ज्यांच्या घरात गोंधळ आहे ते संबळ शिकतात. बेंजो येतो तो या सगळ्यानंतर. त्यामुळे बेंजोवाल्याला ठेका आतून माहीत असतो. तो चाल वाजवत असताना ढोलकीवाला कुठे उचल घेणार, ताशा कुठे तोडा टाकणार, हे त्याला आधीच कळतं, कारण ती जागा त्याने स्वतः वाजवलेली असते. पार्टीचं पुढारपण त्याच्याकडे येतं ते यामुळे.

१९८० च्या दशकात दोन परदेशी वाद्यांनी या मंडळ्यांची रचना बदलली. एक, कॅसिओचे छोटे की-बोर्ड. आमच्याकडे पुढे कुठल्याही कंपनीच्या की-बोर्डला कॅसिओच म्हणू लागले. दुसरं, रोलंड कंपनीने १९८५ मध्ये आणलेलं ऑक्टोपॅड. एका पाटीवर आठ रबरी पॅड, प्रत्येकाला हवा तो आवाज जोडायचा. ढोल, ताशा, ढोलकी, टाळी, बेस ड्रम सगळं एका स्टँडवर. अनेकांना वाटलं की आता ताशेवाले, ढोलकीवाले संपले. काही प्रमाणात ते खरंही झालं, कारण सात-आठ माणसांची पार्टी तीन-चार माणसांवर आली. पण ऑक्टोपॅड चांगलं वाजवलं ते जुन्या ढोलकीवाल्यांनी आणि ताशेवाल्यांनीच. काडीने रबरावर मारताना ढोलकीच्या चाटीचा आणि घुमाऱ्याचा हिशेब ज्याच्या डोक्यात आहे त्याचाच ठेका नाचवतो. नुसतं ड्रम शिकून आलेल्या मुलाचा ठेका चुकत नाही, तरी लोकांचे पाय उचलत नाहीत. जुनी विद्या नव्या यंत्रात उतरली ती अशी, एकाच माणसाच्या दोन हातांतून.

वादकाच्या कारकिर्दीला वर्षाचं एक चक्र असतं. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू. सुपारी ठरते, बयाना मिळतो, वहीत तारीख पडते. दाट मुहूर्ताच्या दिवशी एकाच वेळी चार ठिकाणी बोलावणं असतं, आणि वादकांची अदलाबदल तेव्हाच होते. आपल्या पार्टीत बेंजो वाजवणारा दुसऱ्याच्या पार्टीत ढोलकीवर जातो, तिसऱ्याकडे की-बोर्डवर. पावसाळ्यात काम थांबतं. मग कुणी गोदामात हमालीला, कुणी मागावर, कुणी रिक्षावर. श्रावणात तालमी सुरू होतात, गणपतीपासून पुन्हा रस्ता. जमिनी गोदामांना गेल्यावर अनेक घरांत पैसा आला आणि हळदीचा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा होऊ लागला. स्टेज, एलईडी पडदा, नावाजलेला गायक. या थाटाचा फायदा वादकांनाही झाला, कामं वाढली. पण बॅनरवर जागा वाढली ती गायकाचीच.

ध्वनिमुद्रणाची कथा याला जोडूनच आहे. कोळीगीत मराठी घराघरात पोचलं ते रेडिओ आणि तबकड्यांमधून. शांता शेळके यांची गीतं, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, लता मंगेशकर आणि हेमंत कुमार यांचे आवाज यांनी दर्याचं गाणं सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात नेलं. त्यानंतर कॅसेट आली आणि गाणं पुन्हा गावकऱ्यांच्या हाती आलं. कॅसेट स्वस्त होती, घरच्या घरी तिच्या प्रती निघत. कल्याणला राहणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांची गाणी, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांचं ‘नवीन पोपट हा’, शाहीर विठ्ठल उमप यांची कोळीगीतं, वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ची ‘वेसावची पारू’ हे सगळं त्या लाटेतलं. कॅसेटवर गायकाचं नाव आलं, संगीतकाराचं आलं, क्वचित गीतकाराचंही. वादकांचं बहुधा आलंच नाही. सीडी, व्हीसीडी, मग मोबाइलचं मेमरी कार्ड, आता यूट्यूब. माध्यमं बदलली, पण ही सवय तशीच राहिली. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी गाण्यांचे लाडके गायक संतोष चौधरी, म्हणजे दादूस, २०२१ साली ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात दिसले तेव्हा आमच्या पट्ट्याला मनापासून आनंद झाला, कारण हे गाणं महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात अभिमानाने बसलं. त्या गाण्यामागच्या हातांनाही असा एक दिवस मिळावा, असं मला वाटतं.

इंग्लंडचा दाखला इथे उपयोगी पडेल. तिथेही जुनी लोकगीतं विजेच्या वाद्यांवर आणणाऱ्या मंडळ्या झाल्या. १९६७ मध्ये लंडनात सुरू झालेल्या ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ने १९६९ च्या ‘लीज अँड लीफ’ या अल्बममध्ये शेकडो वर्षांच्या गावगाण्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड दिली. त्यात फिडल वाजवणारा डेव्ह स्वार्ब्रिक मँडोलिनवरही तितकाच तयार होता. २००७ मध्ये लंडनातच जमलेल्या ‘ममफर्ड अँड सन्स’ची तर ओळखच ही की वादक वाद्यांची अदलाबदल करतात. मुख्य गायक गिटार वाजवता वाजवता पायाने बेस ड्रम मारतो, दुसरा बँजो सोडून गिटार घेत असे. त्यांच्या ‘बेबल’ला २०१३ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. कामाचं स्वरूप पाहिलं तर आमच्या वादकाचं काम याहून हलकं नाही. लोकगीत, नवी वाद्यं, नाचणारा श्रोता, एकाच माणसाच्या हातून चार वाद्यं, सगळं तेच. फरक नोंदीत आहे. तिथे कोणत्या गाण्यात कुणी कोणतं वाद्य वाजवलं हे अल्बमच्या पाठीवर छापलेलं असतं, त्यामुळे पन्नास वर्षांनीही स्वार्ब्रिकच्या कारकिर्दीवर लिहिता येतं. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधला बेंजो कुणाचा, हे शोधायला गावोगाव विचारत फिरावं लागतं.

सिनेमाने या आवाजाची ताकद ओळखली, हे मान्य केलं पाहिजे. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला आणि मुंबईच्या वस्तीतला बेंजोवाला नायक झाला. त्याच वर्षी ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्यातल्या काही गाण्यांसाठी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंद वापरला आणि ‘झिंगाट’मध्ये गल्लीतल्या मिरवणुकीचा ठेका जगभर नाचवला. वरातीच्या संगीताचा अभ्यासही झाला आहे. ग्रेगरी बूथ यांचं लग्नातल्या ब्रास बँडवरचं ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक २००५ मध्ये आलं, पाठोपाठ मुंबईच्या चित्रपट वादकांवरचं त्यांचं दुसरं पुस्तक २००८ मध्ये. बेंजोवाल्यांच्या वाट्याला असं लेखन फार थोडं आलं. मराठीत ते व्हावं, आणि आमच्याच तालुक्यातून व्हावं, ही या पुस्तकामागची प्रेरणा.

कायद्याने या पेशाचं रोजचं वेळापत्रक बदललं आहे. त्याला या पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. सणांसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हळद रात्री रंगते आणि तेव्हाच बंद करायची वेळ येते, म्हणून वादकांना हे नियम जाचतात. पण नियमांच्या बाजूने बोललं पाहिजे, आणि ते वादकांच्याच हिताचं आहे. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कानाच्या सुरक्षिततेची मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. भोंग्यापासून हातभर अंतरावर उभा राहणारा, आणि त्यातही दिवसा यंत्रमागाच्या खडखडाटात काम केलेला वादक या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असतो. ज्या कानावर त्याची विद्या उभी आहे तोच कान पेशात झिजतो. आवाज कमी ठेवणं आणि कानात बोळे घालणं ही दोन्ही कामं पार्टीच्या मास्तरांनी अंगावर घेतली पाहिजेत.

स्वामित्वहक्काचा कायदा एका बाबतीत आमच्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांतल्या आणि लग्नाच्या वरातीतल्या वादनाला सूट आहे, त्यामुळे वरातीत कुठलंही गाणं वाजवताना वादकाला घाबरायचं कारण नाही. दुसरी बाजू मात्र अपुरी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या ध्वनिमुद्रित सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर मानधनाचा हक्क दिला. पण स्टुडिओत बेंजोचा पीस वाजवून एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडणाऱ्या वादकाकडे ना करार असतो, ना श्रेयनामावलीत नाव. हक्क मागायचा तर आपण वाजवलं हे आधी सिद्ध करावं लागतं.

हीच गोष्ट म्हातारपणी पुन्हा समोर येते. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत आता दरमहा ५००० रुपये मिळतात. त्यासाठी कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडावे लागतात: कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमपत्रिका. आयुष्यभर मांडवात आणि रस्त्यावर वाजवलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? सुपारीच्या वह्या पावसात भिजल्या, कॅसेटवर नाव नाही, बॅनर दुसऱ्या दिवशी ताडपत्री म्हणून वापरला गेला. २०२० च्या टाळेबंदीत लग्नं मोजक्या माणसांत झाली, गणपतीच्या मिरवणुका झाल्या नाहीत, आणि वादकांचं अख्खं वर्ष बुडालं. कलावंत म्हणून मदत मागायला गेल्यावर तेव्हाही हाच प्रश्न आला की तुम्ही कलावंत आहात याचा कागद कुठे आहे. ज्याला तालुका ओळखतो त्याला कागद ओळखत नाही, हे मला या विषयातलं सर्वांत मोठं दुःख वाटतं.

पुस्तकाची मांडणी वाद्यांनुसार केली आहे. पहिला भाग आवाजाचा, धवल्यांचा आणि सनईचा. दुसरा ढोल, ताशा, ढोलकी, संबळ यांचा. तिसरा आणि सर्वांत मोठा बेंजोचा. चौथा की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडचा. प्रत्येक भागात वादकांच्या तोंडून त्यांच्या शिक्षणाची, गुरूंची, दुरुस्तीची आणि व्यवहाराची माहिती आहे. चालींची स्वरलिपी शक्य तिथे दिली आहे आणि सोबत कोणत्या हाताने काय करायचं तेही सांगितलं आहे, म्हणजे नव्या मुलाला पुस्तक उघडून वाजवायला बसता यावं. धवलारणींना वाद्य नसलं तरी त्यांना पहिला भाग दिला, कारण पुढच्या सगळ्या चालींची आई तिथे आहे. हळदीच्या स्टेजवर वाजवणाऱ्या मुली अजून मोजक्याच आहेत. त्यांची संख्या वाढेल आणि पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी वेगळा भाग करावा लागेल, अशी मला खात्री आहे.

वाचकांकडे एक मागणं आहे आणि ते सोपं आहे. तुमच्या घरी हळद असेल तर बॅनर छापणाऱ्याला गायकाच्या नावाखाली वादकांची नावं वाद्यांसहित छापायला सांगा. तुम्ही गाणं यूट्यूबवर टाकत असाल तर खाली बेंजो कुणाचा, ढोलकी कुणाची, ऑक्टोपॅड कुणाचं हे लिहा. मंडळाचे पदाधिकारी असाल तर मिरवणुकीनंतर वादकांना मंडळाच्या शिक्क्याचं प्रमाणपत्र द्या, तारखेसह. घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या फेकण्याआधी त्यात कुणी वाजवलं आहे ते गावातल्या जाणत्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. आज साठी-सत्तरीत असलेले मास्तर आहेत तोवर ही नावं विचारता येतील. कशेळीपासून वज्रेश्वरीपर्यंत प्रत्येक गावाने आपल्या वादकांची एक यादी केली, तरी भिवंडी तालुक्याचा संगीताचा इतिहास लिहायला आपल्याकडे पुरेसा कागद जमेल. या पुस्तकाने त्या कामाला सुरुवात केली आहे. पुढच्या याद्या गावागावांतून यायच्या आहेत.